आयईपी (मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) : लेकीच्या वाचनासाठी स्कूल डिस्ट्रिक्टबरोबर घालवलेलं वर्ष

न्यू जर्सीत मुलीचं नाव किंडरगार्टनला घातलं तेव्हा नोंदणीच्या कागदांत एक छोटा फॉर्म होता. घरी कोणती भाषा बोलता? मूल सगळ्यात आधी कोणती भाषा बोलायला लागलं? आम्ही दोन्हीकडे ‘मराठी’ लिहिलं. या उत्तरामुळे स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, तिची इंग्रजीची चाचणी घेतली आणि तिला ईएसएलच्या वर्गात, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या खास तासाला, बसवलं. यात गैर काही नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूने १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लाउ विरुद्ध निकल्स’ खटल्याचा निकाल दिला, तेव्हापासून इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून ठेवणं पुरेसं मानलं जात नाही, त्याला भाषेची मदत द्यावी लागते. लेकीला ती मदत मिळाली आणि तिचं बोलणं वर्षभरात झकास सुधारलं.

वाचन मात्र सुधारलं नाही. पहिलीत बाई म्हणाल्या, दोन भाषांतली मुलं थोडी उशिरा वाचतात, काळजी करू नका. दुसरीच्या सुरुवातीला नव्या बाईंनीही तेच सांगितलं. दोघीही मनापासून सांगत होत्या, आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. मला पटेना, कारण मी तिला रविवारच्या मराठी शाळेतही बघत होते.

मराठी तिची घरची भाषा. आजीशी फोनवर तासभर गप्पा, गणपतीत आरत्या तोंडपाठ, गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी तशीच्या तशी सांगणार. पण देवनागरी समोर आली की अडायची. ‘कमळ’चं ‘कळम’ व्हायचं. पहिली वेलांटी ती अक्षर वाचून झाल्यावर शोधायची. काल वाचलेला शब्द आज पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. तिच्याबरोबर सुरुवात केलेली, घरी मराठी तिच्यापेक्षा कमी बोलणारी मुलं पुढे निघून गेली. इंग्रजी कच्चं म्हणून इंग्रजी वाचन अडतंय, असं असेल तर मराठी का अडावं? हा प्रश्न मी शाळेत दोनदा बोलून दाखवला. ऐकून घेतलं गेलं, पुढे काही झालं नाही.

आमच्या ओळखीतल्या एका बाई या सगळ्यातून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बोलू नकोस, लिही. तारीख घाल. बोललेल्याचं काही होत नाही, लिहिलेल्याला उत्तर द्यावंच लागतं.” त्या वर्षात मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

न्यू जर्सीत ६००च्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक टाऊनशिपचं स्वतःचं, स्वतःच्या निवडलेल्या शिक्षण मंडळाचं आणि बरंचसं स्थानिक मालमत्ता करावर चालणारं. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये ‘चाइल्ड स्टडी टीम’ असते : शाळेचे मानसशास्त्रज्ञ, शाळेचे समाजकार्यकर्ते आणि अध्ययन-अडचणींच्या तज्ज्ञ शिक्षिका. या टीमकडे पालक थेट लेखी मागणी करू शकतात. मी केली, एका पानाची. मुलीचं नाव, इयत्ता, शाळा. काय दिसतं ते उदाहरणांसह. मराठीतही हीच अडचण आहे हे ठळक. आणि शेवटी स्पष्ट वाक्य, की सगळ्या संशयित क्षेत्रांत तिचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावं ही माझी विनंती आहे. राज्याच्या कायद्यानुसार डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षर-ध्वनी जुळवून वाचण्यातल्या अडचणीची, लक्षणं दिसणाऱ्या मुलाची प्राथमिक तपासणी दुसरीचं पहिलं सत्र संपायच्या आत व्हायला हवी, हेही लिहिलं. ईमेल केली आणि छापील प्रत कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

पहिलं उत्तर आलं ते फोनवर. आधी वर्गातच काही आठवडे जास्तीची मदत देऊन बघू, मग मूल्यमापनाचा विचार करू. ऐकायला समंजस वाटतं, आणि ती मदत चांगलीच असते. पण मूल्यमापन पुढे ढकलण्यासाठी ते कारण चालत नाही. हे मला स्पॅनच्या मदत-फोनवर कळलं. स्पॅन ही न्यू जर्सीतली पालकांची संस्था. अशी किमान एक संस्था केंद्र सरकारच्या निधीतून प्रत्येक राज्यात असते आणि तिचा सल्ला फुकट असतो. फोनवरच्या बाईंनी घाई न करता सगळं ऐकलं आणि सांगितलं की २०११मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या विशेष शिक्षण कार्यालयाने राज्यांना लेखी बजावलं आहे : वर्गातल्या टप्प्याटप्प्याच्या मदतीचं कारण देऊन मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही. मी तेवढंच, आदराने, ईमेलमध्ये लिहिलं : वर्गातली मदत जरूर सुरू करा, आम्ही आभारी आहोत; मूल्यमापनाची विनंती मात्र कायम आहे. दोन दिवसांत बैठकीची तारीख आली.

लेखी मागणी पोचल्यापासून २० दिवसांत ही पहिली बैठक व्हावी लागते. मूल्यमापन करायचं की नाही आणि केलं तर कोणतं, एवढंच त्यात ठरतं. टेबलाभोवती टीमचे तिघं, वर्गशिक्षिका, स्पीच थेरपिस्ट आणि आम्ही दोघं. नवरा नाराजीनेच आला होता. त्याची भीती मला समजत होती : मुलीवर ठप्पा बसेल, तो दहावी-बारावीपर्यंत, कॉलेजपर्यंत मागे लागेल. आपल्या लोकांत हे फार आहे. कित्येक घरांत मुलाला खाजगी शिकवणीला घालतील, रात्री रडत रडत वाचून घेतील, पण शाळेला कळू देणार नाहीत. समाजकार्यकर्त्या बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की अमेरिकेतल्या सरकारी शाळांत दर १०० मुलांमागे साधारण १५ मुलं विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली सेवा घेतात आणि त्यांतला सगळ्यात मोठा गट शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींचाच आहे. शाळेच्या नोंदी जपण्यासाठी १९७४पासून वेगळा कायदा आहे. कॉलेजच्या अर्जाबरोबर ही फाइल जात नाही. नवरा काही बोलला नाही. पण संमतीपत्रावर पहिली सही त्याने केली.

त्या सहीपासून पुढचे दिवस मोजले जातात. केंद्राच्या कायद्यात मूल्यमापनाला ६० दिवस आहेत, पण राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. न्यू जर्सीत संमतीपासून ९० दिवसांत मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर आराखडा सुरू करणं, हे सगळं बसवावं लागतं. मी फ्रिजवर तारखा लिहून ठेवल्या. टीमला त्रास द्यायचा हेतू नव्हता. त्या बाईंकडेही एका वेळी कितीतरी मुलांच्या फाइली असतात; तारीख माहीत असलेला पालक त्यांनाही सोयीचा पडतो, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

या प्रक्रियेत मला सगळ्यात मोलाची वाटली ती घरच्या इतिहासाची मुलाखत. पहिलं वाक्य कधी बोलली, कानाला काही झालं होतं का, दोन भाषा कधीपासून, असे प्रश्न झाले आणि मग : घराण्यात कुणाला लिहिण्यावाचण्याची अडचण होती का? आम्ही दोघांनी एकदम नाही म्हटलं. तशी ती पाहणाऱ्याला दिसणारीही नव्हती, दोघंही इंजिनिअर. घरी येऊन नवऱ्याने सांगलीला आईंना सहज विचारलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या धाकट्या काकाला नव्हती का लागत अक्षरं? हुशार होता. हिशेब तोंडी करायचा. पण पुस्तक उघडलं की घाम फुटायचा त्याला. मास्तरांनी लई मारलं, बाबांनीही मारलं. आठवीत सोडली शाळा. आळशी म्हणायचे सगळे. मीही म्हटलं असेल.” मग त्यांना रडू आलं. नवरा बराच वेळ फोन धरून गॅलरीत उभा होता. डिस्लेक्सिया घराण्यातून चालत येतो हे शास्त्राला पुष्कळ दिवस ठाऊक आहे. आमच्या घरात ते पन्नास वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्रीनंतर त्याने ठप्प्याचा विषय पुन्हा काढला नाही. प्रत्येक बैठकीला तो माझ्या आधी तयार असायचा.

चाचण्या शाळेतच, सकाळच्या वेळी, दोन-तीन आठवड्यांत विभागून झाल्या : बुद्धिमापनाची, वाचन-लेखन-गणिताची आणि शब्दांतले सुटे ध्वनी ओळखण्याची. मुलाच्या मातृभाषेत मूल्यमापन करावं, किंवा ते शक्य नसेल तर त्याला खरंच काय येतं ते कळेल अशा भाषेत आणि रीतीने करावं, असं कायदा सांगतो. टीमकडे मराठीतली चाचणी नव्हती. पण मानसशास्त्रज्ञ बाईंनी विषय सोडून दिला नाही. त्यांनी मला मराठी शाळेच्या वह्या आणायला सांगितल्या. पहिली वेलांटी म्हणजे काय, ती अक्षराच्या आधी लिहितात पण नंतर उच्चारतात म्हणजे काय, जोडाक्षर कसं बनतं, हे त्यांनी माझ्याकडून नीट समजून घेतलं. मराठी शाळेतल्या ताईंनी एक पत्र दिलं : बोलण्यात वर्गात पुढे, वाचनात बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप मागे, अक्षरांचा क्रम चुकतो. मराठीत लिहिलेलं ते पत्र इंग्रजी करून फाइलला लागलं.

पात्रतेच्या बैठकीच्या किमान १० दिवस आधी सगळे अहवाल पालकांच्या हातात पडायला हवेत. आमच्या हातात पडले. रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही ते ओळ न् ओळ वाचले. शब्दसंग्रह आणि ऐकून समजणं वयापेक्षा वर. सुटे ध्वनी वेगळे काढणं, ते जोडणं, आणि ओळखीची अक्षरं-अंक भराभर म्हणणं, हे वयाच्या बरंच खाली. इतकी वर्षं घरात जे दिसत होतं ते आकड्यांत समोर होतं. मला रडू आलं, पण त्यात दुःखापेक्षा सुटकाच जास्त होती.

आता वह्यांचा उपयोग कळला. मुलाच्या अडचणीचं मुख्य कारण इंग्रजी कमी येणं हे असेल, किंवा त्याला वाचन नीट शिकवलंच गेलं नसेल, तर त्या मुलाला या कायद्याखाली पात्र ठरवता येत नाही. नियम चांगल्यासाठी आहे; नव्याने आलेल्या मुलांना चुकून विशेष शिक्षणात ढकललं जाऊ नये म्हणून. पण त्याच नियमामुळे दोन भाषांतल्या मुलाची खरी अडचण भाषेखाली झाकली जाऊ शकते. आमच्या बाबतीत जन्मापासूनच्या भाषेतही तीच अडचण होती, हे कागदावर होतं. टीमने ते अहवालात लिहिलं आणि ती पात्र ठरली. ईएसएलचा तासही चालूच राहिला. दोन्ही गरजा आहेत तर दोन्ही सेवा मिळतात, एक घेतली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही.

मग आयईपी, म्हणजे त्या एका मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा. १९७५पर्यंत या देशात सुमारे १० लाख मुलं अपंगत्वामुळे सरकारी शाळेच्या पूर्णपणे बाहेर होती. त्या वर्षी झालेल्या कायद्याने, ज्याला आता आयडिया म्हणतात, प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे, विनामूल्य शिक्षण देण्याची जबाबदारी शाळाव्यवस्थेवर टाकली. प्रत्यक्षात ती पार पाडतं डिस्ट्रिक्ट. आणि ज्या टेबलावर हे शिक्षण ठरतं तिथे पालकांना सभासद म्हणून बसवलं. पाहुणे म्हणून नव्हे. हे आतून उमजायला मला वेळ लागला. आपल्याकडे बाई सांगतील ते ऐकायचं असतं. इथे आमचं मत नोंदवून घेणं त्यांच्यावर बंधनकारक होतं.

मसुद्यातलं पहिलं ध्येय होतं : वाचनात सुधारणा होईल. आम्ही विचारलं, किती, कशाने मोजणार, कधीपर्यंत? ‘एंड्र्यू एफ.’ नावाचा एक खटला कोलोरॅडोतल्या डग्लस काउंटी डिस्ट्रिक्टविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीचा विचार करून, त्याला योग्य अशी प्रगती साधता येईल असा आराखडा हवा. आम्ही खटल्याचं नाव काढलं नाही, काढायची वेळच आली नाही. तज्ज्ञ शिक्षिकेने स्वतःच ध्येय पुन्हा लिहिलं : दुसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा, मिनिटाला इतके शब्द, इतकी अचूकता, दर पंधरवड्याला मोजणी, आणि प्रगतिपुस्तकाबरोबर पालकांना अहवाल.

खरी चर्चा झाली ती सेवेवर. डिस्ट्रिक्टचा प्रस्ताव होता की वर्गातच दुसऱ्या शिक्षिका मदत करतील. मुलाला शक्य तितकं इतरांबरोबर शिकवावं हे कायद्याचंच तत्त्व, आणि ते मलाही मान्य आहे. पण ध्वनीपासून पायरी पायरीने वाचन शिकवायचं तर शांत जागा आणि रोजचा वेळ लागतो. आम्ही एका नावाजलेल्या वाचनपद्धतीचं नाव लिहायला सांगितलं. ते म्हणाले, पद्धत निवडणं आमच्याकडे असतं, आराखड्यात कंपनीचं नाव लिहीत नाही. इथे तासभर गेला. शेवटी नाव गेलं आणि वर्णन राहिलं : आखीव क्रमाने, ध्वनी-अक्षरांचं नातं उघड करून, एकाच वेळी डोळे-कान-हात वापरून, त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेकडून, तीनपेक्षा जास्त मुलं नसलेल्या गटात, रोज अर्धा तास. बाकी सगळं वर्गात. पटलं नसतं तर सही रोखता आली असती, डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र मूल्यमापन मागता आलं असतं, मध्यस्थी किंवा सुनावणीही मागता आली असती. सुनावणीत आपली बाजू सिद्ध करण्याचा भार न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टवर असतो, पालकांवर नाही. आम्हाला त्यातलं काही लागलं नाही. पण हे हक्क आहेत हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलणं सरळ होण्यात त्याचाही वाटा होता असं मला वाटतं.

असं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका आमच्या शाळेत एकच होत्या आणि त्या अर्धा दिवस दुसऱ्या शाळेत जात. हे कळल्यावर मी वसंत ऋतूत शिक्षण मंडळाच्या अंदाजपत्रकाच्या सुनावणीला गेले. आजवर कधी गेले नव्हते. १९७५च्या कायद्यात केंद्राने विशेष शिक्षणाच्या जादा खर्चातला वाटा, दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, उचलण्याची तयारी दाखवली होती. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही आत असतो. उरलेलं राज्य आणि गावकऱ्यांचा कर. त्यामुळे दरवर्षी कुणीतरी उठून विचारतं, या मुलांवर इतका खर्च का. त्या रात्रीही विचारलं गेलं. मी माझ्या वाट्याच्या काही मिनिटांत एवढंच मागितलं की दुसरीच्या आतल्या मुलांना शिकवणाऱ्या आणखी शिक्षिकांना हे प्रशिक्षण द्या. लवकर शिकवलं तर पुढे कमी लागतं. माझ्यानंतर एक गुजराती बाबा आणि एक पोलिश आई याच विषयावर बोलले. पुढच्या वर्षी आणखी दोन शिक्षिका प्रशिक्षणाला गेल्या. आमच्या बोलण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण जाऊन बोलायला हवं, आणि आपले लोक तिथे फार कमी दिसतात.

लेक त्या खोलीत बोटांनी ध्वनी मोजायला शिकली. एकेका ध्वनीला एकेक बोट अंगठ्याला टेकवायचं आणि मग सगळे जोडायचे. एका रविवारी मराठी शाळेच्या वहीत ‘प्रकाश’ आलं. तिने टेबलाखाली बोटं टेकवली : प्, र, का, श. आणि वाचलं. तिला हे मराठीत करून बघ असं कुणी सांगितलं नव्हतं.

या काळात आम्हाला ओळखीच्या दोघातिघांनी सांगितलं की घरात मराठी बंद करा, मुलीचा गोंधळ होतोय. आमच्या टीममधल्या स्पीच थेरपिस्टने ठामपणे उलट सांगितलं : जी भाषा तुम्हाला सगळ्यात चांगली येते तीच घरात बोला, गोष्टी सांगा, शब्द वाढू द्या. ज्यांना इंग्रजीत अशा बैठकीला बसायचा धीर होत नाही त्यांनी दुभाषा मागावा. पालकांना बैठक समजेल यासाठी दुभाषा देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. आमच्या मराठी मंडळातल्या एका आजोबांनी, ज्यांच्याकडे नातवाचा ताबा आहे, तसा मागितला आणि त्यांना मिळाला. भारतातल्या नातेवाइकांनी विचारलं की तिकडे काय करायचं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींचा स्पष्ट समावेश आहे. शाळेला लेखी विचारायला सुरुवात तिथूनही करता येते.

या मार्चमध्ये पहिला वार्षिक आढावा झाला. अचूकतेचं ध्येय पूर्ण झालं. वेगाचं अर्ध्यावर आहे. स्पेलिंगचं जवळजवळ जागचं हललेलं नाही, आणि तेच ध्येय पुढच्या वर्षी तसंच उतरवायला टीम तयार होती. आम्ही पंधरवड्याच्या मोजण्या मागितल्या, सगळ्यांनी मिळून पाहिल्या, आणि लक्षात आलं की लेखनाला त्या अर्ध्या तासात वेळच उरत नव्हता. आता आठवड्यातून दोन दिवस फक्त लेखनासाठी वेगळी वीस मिनिटं धरली आहेत आणि जूनमध्ये पुन्हा आकडे बघायचं ठरलं आहे. तिसरीपासून राज्याची परीक्षा सुरू होते. तिला छोट्या खोलीत, जास्त वेळ मिळेल, हे आराखड्यात लिहून घेतलं आहे. संपूर्ण मूल्यमापन तीन वर्षांनी पुन्हा होईल. तेव्हाही मराठीच्या वह्या मागाव्या लागतील, म्हणून त्या तारखेप्रमाणे एका खोक्यात लावून ठेवते आहे.